वाचकांचे प्रश्न : सोनेरी वानर, काकोईजानाची टेकडी आणि जंगल नक्की कोणाचं

मागच्या अंकात आसाममधल्या सोनेरी वानरांवर एक नोंद छापली होती, अर्धं पानच होतं, की बोंगाईगाव जिल्ह्यातल्या काकोईजाना नावाच्या राखीव जंगलात आसपासच्या गावांनी जंगल सांभाळलं आणि तिथली वानरं वाढली. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की यावेळचा सगळा सदर त्यालाच दिलाय. काही पत्रं कौतुकाची आहेत, ती बाजूला ठेवलीत, भांडायला आलेल्यांना आधी घेतलंय.

सोनेरी वानर म्हणजे आपल्याकडचाच वानर, फक्त रंग वेगळा, असं आहे का? आणि उरलेत तरी किती? – एक वाचक, नाशिक

नाही हो, जातच वेगळी आहे. आपला काळतोंड्या वानर गडावर, देवळाबाहेर, घाटातल्या कठड्यावर कुठंही बसलेला दिसतो, जमिनीवर आरामात फिरतो, माणसाला फारसा भीत नाही. सोनेरी वानर झाडावरचा प्राणी आहे, खाली उतरायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं, पाणीसुद्धा बरंचसं पानांवरचं दव आणि पावसाचं चाटून भागवतो. तोंड काळं, बाकी अंग उन्हाळ्यात मळकट सायीच्या रंगाचं आणि थंडीत गडद सोनेरी, काही वेळा तांबूसच. शेपूट अंगापेक्षा लांब, टोकाला गोंडा. फांदीवर बसला की शेपूट सरळ खाली लोंबते, आणि गंमत अशी की बऱ्याचदा दाट पानांत वानर दिसतच नाही, आधी तीन-चार शेपट्या दिसतात आणि मग वर बघत बघत आपण तोंडापर्यंत पोचतो.

विज्ञानाला हा प्राणी फार उशिरा कळला. ई. पी. जी नावाचे चहाच्या मळ्यात काम केलेले इंग्रज निसर्गअभ्यासक होते, त्यांनी 1953 मधे संकोश नदीच्या बाजूला हे कळप बघून त्यांचं चित्रीकरण केलं, आणि 1956 मधे भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या खजूरिया यांनी रीतसर वर्णन करून नाव दिलं. शास्त्रीय नावातलं 'गीई' हे त्या जी साहेबांवरूनच. तिथल्या गावांना अर्थातच हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता, नोंद व्हायची राहिली होती एवढंच.

जगात हा फक्त पश्चिम आसाम आणि त्याला लागून भूतानचा थोडा भाग, एवढ्यातच आहे. पूर्वेला मानस नदी, पश्चिमेला संकोश, दक्षिणेला ब्रह्मपुत्रा, त्या चौकटीबाहेर तो गेलाच नाही. भारतातली अलीकडची मोठी गणना 2020-21 मधली, तिच्यात अंदाज आला 7,396 चा. हा एकच आकडा वाचून बरं वाटतं, पण त्याची फोड बघा: 5,566 उत्तरेला, म्हणजे मानसच्या बाजूच्या, भूतानला लागलेल्या सलग जंगलात, आणि 1,830 दक्षिणेकडे, जिथं जंगलाचे तुकडे आहेत आणि मधे भातशेती, रस्ते, रेल्वे, गावं, बाजार. काकोईजाना हा त्या दक्षिणेतलाच एक तुकडा. झाडावरून न उतरणाऱ्या प्राण्याला मधलं एक किलोमीटर उघडं शेतसुद्धा पुरेसं आहे, पलीकडच्या कळपाशी संबंध संपला. नेटवर आकडे वेगळे दिसतात कारण मोजायच्या पद्धती आणि वर्षं वेगळी आहेत, शिवाय कोणी भूतान धरतं कोणी धरत नाही.

'गावकऱ्यांनी जंगल राखलं' हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आमच्या जिल्ह्यात वन व्यवस्थापन समितीचा बोर्ड आहे, समिती बोर्डापुरतीच आहे. काकोईजानाला खरंच काय झालं ते सांगा, गोडगोड नको. – एक वाचक, सोलापूर

पत्र आवडलं. गोडगोड नाही सांगत.

1990 च्या दशकातलं पश्चिम आसाम डोळ्यासमोर आणा. बोडो आदिवासींचं वेगळ्या राज्यासाठीचं आंदोलन पेटलेलं, वनखात्याची माणसं जंगलात पाय ठेवू शकत नव्हती, आणि कोणाचाच धाक नसलेल्या जंगलाचं जे होतं तेच झालं, रिपू, चिरांग अशी मोठी राखीव जंगलं लाकूडतोड्यांनी आणि नंतर वस्तीने खाल्ली. काकोईजाना तर पिटुकलं, सतरा-अठरा चौरस किलोमीटरचं, चारी बाजूंनी गावं. सागासारखंच मोलाचं लाकूड असलेला साल तिथला मुख्य वृक्ष, त्यामुळं कुऱ्हाड पडायचीच. तिथं काम करणाऱ्या संस्थांनी सांगितलेलं चित्र असं की दाट झाडीचं प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली गेलं होतं आणि वानरं शंभरच्या आत उरली होती.

तिथं 1990 च्या दशकाच्या शेवटी रॉबर्ट हॉर्विच नावाचे अमेरिकन वानरशास्त्रज्ञ आले. हे गृहस्थ त्याआधी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात एक प्रयोग करून आलेले. 1985 मधे तिथल्या बर्म्युडियन लँडिंग या खेड्यात त्यांनी शेतकऱ्यांना एवढंच विचारलं होतं की तुमची जमीन तुमचीच राहू दे, फक्त नदीकाठची झाडी तोडू नका आणि दोन शेतांच्या मधे झाडांचा पट्टा ठेवा, म्हणजे काळ्या हाउलर माकडांना इकडून तिकडं जाता येईल. सरकारी कागद नाही, शेतकऱ्याची स्वतःची सही. आधी डझनभर शेतकरी तयार झाले, मग गावामागून गावं आली. तीच कल्पना घेऊन ते आसामात आले आणि बोंगाईगावच्या 'नेचर्स फॉस्टर' सारख्या स्थानिक संस्थांबरोबर कामाला लागले. हॉर्विच 2017 मधे वारले.

पण बाहेरचा माणूस कल्पना देतो, रात्री जंगलात जात नाही. गेले ते काकोईजानाच्या भोवतालचे लोक. आणि ही गावं एका जातीची एका भाषेची नाहीत हे लक्षात घ्या, बोडो, राभा, गारो, कोच-राजबंशी, संथाळ, सगळी एका टेकडीभोवती, आणि काळ असा की त्याच पट्ट्यात माणसं एकमेकांची घरं जाळत होती. अशात वेगवेगळ्या गावांनी बचत गट, गाव समित्या करून जंगलाच्या आपापल्या बाजूची जबाबदारी वाटून घेतली. आळीपाळीने गस्त घालायची, बाहेरची लाकडाची टोळी दिसली की आरडाओरडा करून सगळ्यांना गोळा करायचं, वणवा लागला तर विझवायला जायचं. आपल्याच गावातला माणूस मोळी घेऊन सापडला तर त्याला पोलिसात न देता बैठकीत बसवायचं, हे सगळ्यात अवघड, कारण तो चुलतभाऊच निघतो.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती आणि ती कोणी फारशी सांगत नाही. साल तोडला तरी मरत नाही, बुंध्यातून परत फुटतो. जमिनीत मुळं जिवंत होती, तेव्हा रोपवाटिका, खड्डे, कुंपण, मंत्र्यांच्या हस्ते वृक्षारोपण यातलं फारसं काही न करता नुसती कुऱ्हाड आणि आग थांबवली तरी रान वर येणार होतं, आणि आलं. आज त्या संस्थांच्या म्हणण्याप्रमाणे झाडी सत्तर टक्क्यांच्या वर आहे आणि वानरं पाचशेच्या आसपास. आकडा थोडा इकडंतिकडं धरा हवं तर, पण टेकडी हिरवी झालीय हे उपग्रहाच्या चित्रात कोणालाही दिसतं.

तुमच्या बोर्डावरच्या समितीत आणि यात फरक काय विचाराल तर मला एवढाच दिसतो की तिथं समिती खात्याने कागदावर बनवून खाली पाठवली नव्हती. लोकांना सरपण, गवत, झऱ्याचं पाणी त्याच टेकडीवरून येत होतं आणि टेकडी गेली तर आपलं काय होणार हे त्यांनी बघितलं होतं.

मी दापोलीचा आंबा-काजू बागायतदार. माकडं आणि वानरांनी आम्हाला जगणं नकोसं केलंय, तुम्ही मात्र वानर वाचवा म्हणून गोडवे गाताय. आसामच्या शेतकऱ्यांना त्रास होत नाही का? – एक वाचक, दापोली

तुमचा राग अगदी बरोबर आहे, कोकणातला प्रश्न खराच आहे आणि त्याला उत्तर म्हणून आसामचं उदाहरण तुमच्या तोंडावर फेकणं हा निव्वळ फाजीलपणा होईल.

पण दोन प्राण्यांची गल्लत करू नका. कोकणात बागा लुटतं ते लालतोंडं माकड आणि काळतोंड्या वानर, हे दोघं माणसाच्या शेजारी राहायला पक्के शिकलेले, बागेत मिळेल ते खातात. सोनेरी वानर मुख्यतः पानं खाणारा, कोवळी पालवी, कळ्या, बिया, कच्ची फळं, त्याचं पोटच पानं आंबवून पचवण्यासाठी बनलेलं आहे. तरी त्रास शून्य आहे असं नाही. काकोईजानाच्या कडेच्या परसात फणस, पेरू, भाज्या असतात तिथं ती येतात आणि वानरं वाढली तशी जास्त येतात. कोक्राझार जिल्ह्यात नायकगावच्या रबराच्या बागेत तर कळपच राहतात, कारण आजूबाजूला तेवढीच झाडं उरलीत.

आणि इथं वानरालाच जास्त मार बसतो. बागेत यायचं म्हणजे रस्ता ओलांडायचा, रस्ता ओलांडायचा म्हणजे एकतर खाली उतरायचं, तिथं गाडी नाहीतर कुत्री, नाहीतर विजेच्या तारेवरून जायचं. दोन तारांना एकदम हात लागला की संपलं. दक्षिणेच्या तुकड्यांमधे मरणाची मोठी कारणं हीच आहेत, शिकार नाही. तारांवर प्लास्टिकचं आवरण घालणं आणि रस्त्यावरून दोराचे झुलते पूल बांधणं हे यावरचे माहितीतले उपाय, फार खर्चाचेही नाहीत, फक्त वीजवाले, रस्तेवाले आणि वनवाले या तिघांना एका टेबलाशी बसवायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे.

कोकणच्या माकडांवर सविस्तर लिहू, तुमच्यासारख्या बागायतदाराकडूनच लिहून घेऊ, वचन.

एवढं चांगलं चाललंय तर सरकारने अभयारण्य जाहीर करावं ना! वाचलं की गावकऱ्यांनीच त्याला विरोध केला. मग त्यांचं वानरप्रेम खरं की खोटं? – एक वाचक, गडचिरोली

गडचिरोलीहून हा प्रश्न यावा याचं मला जरा आश्चर्य वाटलं, कारण उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. पण आधी काय झालं ते सांगतो.

आसाम सरकारने काकोईजानाचं अभयारण्य करायची प्राथमिक अधिसूचना काढली, आणि 2022 मधे भोवतालच्या गावांनी जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही हे जंगल तुमच्या मदतीशिवाय परत आणलं, आता ते आल्यावर तुम्ही त्याला कुलूप लावणार का? अभयारण्य नको, वनहक्क कायदा 2006 प्रमाणे सामूहिक वनसंपत्ती म्हणून आमच्या ग्रामसभांकडे द्या, आम्ही राखतोच आहोत. त्याला वानरप्रेम खोटं म्हणायचं? ज्याने वीस-पंचवीस वर्षं रात्री गस्त घातली त्याच्याकडे पुरावा मागायचा आणि ज्याने गॅझेटमधे एक पान छापलं त्याचं प्रेम धरून चालायचं, हा न्याय मला पटत नाही.

आता कायद्याचं बघू. वन्यजीव कायद्यात अभयारण्य झालं की आतलं काहीही काढायला मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करून ते नोंदवायचे असतात हे खरंय, आणि वनहक्क कायदा अभयारण्यातसुद्धा लागू आहे हेही खरंय, त्यामुळं कागदावर बघितलं तर दोन्ही एकत्र नांदू शकतात. व्यवहारात काय होतं ते भीमाशंकरच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा. हक्क कागदावर राहतो आणि हिरडा गोळा करायला गेलेल्या बाईला गार्ड हटकतो.

त्यात आसामची एक वेगळी पाचर आहे. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या लोकांना हक्क मागायचा तर तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं तिथं राहत असल्याचा पुरावा लागतो. पश्चिम आसामात नद्यांनी गावं खाल्लीत, दंग्यांनी माणसं हललीत, पंचाहत्तर वर्षांचा कागद कुठून आणायचा? आणि काकोईजानाच्या भोवती तर आदिवासी आणि बिगर-आदिवासी शेजारी शेजारी राहून एकच टेकडी राखतात, त्यातल्या एकाला हक्क आणि दुसऱ्याला नाही असं झालं तर आहे ती एकीपण जाईल.

आता तुमच्या जिल्ह्याचं. मेंढा-लेखा. 2009 मधे देशात सगळ्यात आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी हे एक, साधारण अठराशे हेक्टर. पण हक्काचा कागद मिळूनसुद्धा बांबूच्या वाहतुकीचा पास वनखातं देईना, कारण पास देणं म्हणजे मालकी मानणं. शेवटी एप्रिल 2011 मधे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. त्यानंतर गावाने बांबू विकला, नियम स्वतः केले, कुठला बांबू तोडायचा कुठला नाही ते स्वतः ठरवलं. या लढ्यातले मेंढ्याचे ज्येष्ठ कार्यकर्ते देवाजी तोफा, त्यांना भेटा कधी, तुमच्यापासून लांब नाहीत, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. काकोईजानाचे लोक याच्याच आसपासचं काहीतरी मागतायत. फरक एवढा की मेंढ्याला विकायला बांबू आहे, काकोईजानाकडं विकण्यासारखं काही नाही, आहे ते वानर आणि झऱ्याचं पाणी.

विरोधाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहिलं. अभयारण्य नसेल तर राखीव जंगलात खाण, रस्ता, एखादा प्रकल्प घुसवणं सोपं जातं, हे वानरशास्त्रज्ञांचं म्हणणं चुकीचं नाही. आणि उद्या गावातली पुढची पिढी बेंगळुरूला सिक्युरिटीत नोकरीला गेली तर गस्त कोण घालणार हाही प्रश्न आहेच, आसामच्या त्या भागातून पोरं दक्षिणेला जातातच. चक्रशिलाचं उदाहरण देतात लोक. धुबरी-कोक्राझारमधलं पंचेचाळीस चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 1994 मधे झालं, आणि तेसुद्धा स्थानिक संस्था आणि आसपासच्या गावांनी मागणी लावून धरल्यामुळं झालं. म्हणजे लोकांना अभयारण्य नकोच असतं असं काही नाही. कोणी मागितलं, कोणाला विचारून केलं, यावर सगळं अवलंबून आहे, आणि काकोईजानाला हे वरून आलं.

बातमी वाचली की आसाममधे रोजगार हमीतून वानरांसाठी फळझाडं लावली. आमचा ग्रुप पुण्यात टेकडीवर दर रविवारी झाडं लावतो, आम्ही पण माकडांसाठी फळझाडं लावू का? – एक वाचक, पुणे

बातमी खरी आहे. 2021 मधे बोंगाईगाव जिल्हा प्रशासनाने मनरेगातून काकोईजानाला पेरू, आंबा, जांभूळ वगैरे दहा हजारांवर रोपं लावायचं काम काढलं, खर्च सत्तावीस लाखांच्या आसपास. हेतू असा की वानरांना आतच खायला मिळालं तर ती रस्त्यावर येऊन गाडीखाली आणि तारेवर मरणार नाहीत. गावातल्या लोकांना जंगलाच्या कामाची मजुरी मिळाली ही त्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट.

पेरूबद्दल मात्र माझी शंका आहे. पानं खाणाऱ्या प्राण्याला बागेतल्या गोड फळाची चटक लावून तो बागेत यायचा थांबेल का? त्यापेक्षा जंगलातलीच झाडं, उंबर-वडासारखी, कदंब, जांभूळ, वेली, ही जास्त उपयोगाची, आणि तुटलेल्या दोन तुकड्यांच्या मधे झाडांची ओळ उभी करता आली तर त्याला तोडच नाही.

तुमच्या टेकडीवर माकडांसाठी वेगळं काही लावू नका, कृपा करून. पुण्यातल्या टेकड्या मुळात गवताळ आहेत, तिथं आधीच ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावून पुरेसं नुकसान झालंय.

आम्ही सीनियर सिटिझन्सचा ग्रुप, डिसेंबरमधे काझीरंगा-मानस टूर आहे. सोनेरी वानर बघायला मिळेल का? टूरवाला म्हणतो गुवाहाटीतच एका बेटावर दिसतात. – एक वाचक, डोंबिवली

टूरवाल्याची माहिती जुनी आहे. गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेत उमानंद बेट आहे, शंकराचं देऊळ आहे, तिथं 1980 च्या दशकात सोनेरी वानरं आणून सोडली होती. काही वर्षं वाढली, मग भाविकांनी केळी, बिस्किटं, प्रसाद खाऊ घातला, बेट पिटुकलं, बाहेरून नवं रक्त यायचा प्रश्नच नाही, एक एक करत संपली, शेवटचं वानर काही वर्षांपूर्वी गेलं. बेट आणि देऊळ बघण्यासारखं आहे, जा जरूर, पण वानरासाठी नको.

मानसला पश्चिमेच्या बाजूला दिसू शकतात, गाइडला आधी सांगून ठेवा. काकोईजाना न्यू बोंगाईगाव स्टेशनपासून जवळ आहे, पण टूरच्या बसने धडधडत जाऊ नका, तिथल्या लोकांशी आधी बोलून, गावातलाच माणूस बरोबर घेऊन, त्याला नीट पैसे देऊन जा. डिसेंबरमधे जाताय म्हणजे अंगावरचा रंग सगळ्यात छान दिसेल. दुर्बीण घ्या, सकाळी लवकर जा. खायला काही देऊ नका, पोळीचा तुकडासुद्धा नाही. पानं आंबवून पचवणारं पोट बिस्किटाने बिघडतं, आणि बिस्किटासाठी खाली उतरायला शिकलेला वानर पुढच्या गाडीखाली जातो.

आसाम लांब पडलं. आपल्या जवळपास लोकांनी राखलेलं असं माकड आहे का? – एक वाचक, सावंतवाडी

आहे, आणि तुमच्यापासून एका दिवसाच्या ड्राइव्हवर आहे. कारवारच्या खाली सिरसी-होन्नावरच्या घाटात, अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात, सिंहपुच्छ माकड. काळं अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा. सगळ्या जगात हे फक्त आपल्या पश्चिम घाटात, कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत, सगळी मिळून चारेक हजारांच्या आत. अघनाशिनीचे कळप हे या जातीचं उत्तरेकडचं टोक, आणि गंमत म्हणजे इतकी वर्षं तिथं मोठी संख्या आहे हे बाहेर फारसं माहीतच नव्हतं. या शतकाच्या पहिल्या दशकात एच. एन. कुमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायी फिरून मोजणी केली तेव्हा तीसेक कळप आणि सातशेच्या आसपास माकडं निघाली.

तिथली गुंतागुंत तुम्हाला लगेच कळेल कारण ती कोकमाच्या भावकीतल्या फळाची आहे. त्याला तिकडं उप्पगे म्हणतात, आपल्या कोकमाचंच भावंड, मोठं, पिवळं, भोपळ्यासारख्या फाका असलेलं. साल वाळवून आमसुलासारखी वापरतात. वजन कमी करायच्या गोळ्यांसाठी परदेशात या सालीला मागणी आली, भाव चढला, आणि जंगलात पहाटेपासून रांगा लागल्या. माझ्याआधी शेजारी तोडेल या भीतीने लोक फळ पिकायच्या आधीच तोडायला लागले, काही जण तर फांदीच उतरवायचे. बरं, पावसाळ्यात येणारं फळ, ऊन नाही, मग वाळवायचं कसं? चुलाणावर. खाली रात्रंदिवस लाकडं, वर चाळणीसारख्या मांडवावर साली पसरलेल्या, घरभर धूर, बाईचे डोळे लाल. म्हणजे एका किलो सालीसाठी कितीतरी पट लाकूड त्याच जंगलातून. आणि हेच फळ माकडाचंही पावसाळ्यातलं महत्त्वाचं खाणं, तेव्हा फळही गेलं आणि झाडंही.

इथं अभ्यासक आणि स्थानिक संस्थांनी माकडाचं पोस्टर लावण्याऐवजी चुलाणाला हात घातला. कमी लाकडात जास्त साल वाळेल अशा भट्ट्या आणल्या, गाव वन समित्यांमधून कच्चं फळ तोडायचं नाही, फांदी तोडायची नाही, ठरलेल्या तारखेआधी जायचं नाही असे नियम धरायला सुरुवात केली. पिकलेल्या फळाची साल जाड, पैसेही जास्त, बियाही जंगलातच पडतात. 2011 मधे कर्नाटक सरकारने तिथं जवळपास तीनशे चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र केलं. हा प्रकार कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आला, त्यात लोकांचे हक्क तसेच राहतात आणि त्यांना विचारूनच करायचं असतं. लोकांनी मान्य केलं ते म्हणूनच.

पुढचं ऐका. 2019 मधे हेच क्षेत्र शेजारच्या शरावती अभयारण्यात मिसळून नऊशे तीस चौरस किलोमीटरचं शरावती खोरं सिंहपुच्छ माकड अभयारण्य केलं. संरक्षण वाढलं म्हणून टाळ्या वाजल्या, सुपारीच्या बागांना पाला-पाचोळा शेजारच्या बेट्ट जमिनीतून, म्हणजे पाल्यासाठी बागेला जोडून दिलेल्या जंगलातून आणणाऱ्या लोकांच्या पोटात गोळा आला. आणि थोड्याच वर्षांत त्याच अभयारण्यात दोन हजार मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प पुढं आला, खालच्या धरणातलं पाणी वर चढवून परत वीज करायची, त्यासाठी बोगदे, रस्ते, वायरलाइन, झाडतोड. अभयारण्य असूनसुद्धा. मोळी आणणाऱ्याला जे कुलूप दिसतं ते प्रकल्पाला दिसत नाही, आणि त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेले परत तिथलेच गावकरी आणि मठाचे स्वामी आहेत.

मी ठाण्याची, मुलगा अमेरिकेत असतो, त्याला असं एखादं वानर 'दत्तक' घ्यायचंय. कुठं पैसे पाठवायचे? – एक वाचक, ठाणे

वानर दत्तक घेऊन त्याच्या नावाचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं असेल तर प्राणिसंग्रहालयांच्या दत्तक योजना असतात, त्यात फसवणूक नाही, पण तो पिंजऱ्यातल्या प्राण्याचा खुराक झाला. गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयात सोनेरी वानरांचं प्रजनन केंद्रही चालवलंय.

जंगलातल्या वानरासाठी द्यायचे असतील तर मुलाला सांगा, संस्थेला पैसे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचार: पैसा गावाच्या गटाकडं पोचतो का, त्याचा हिशेब गावात वाचून दाखवतात का, आणि विजेच्या तारांना आवरण, वनहक्काच्या दाव्यासाठी कागदपत्रं जमवणं, गस्तीवाल्यांना टॉर्च आणि गमबूट अशा रुक्ष कामाला पैसे घेतात का. फोटोत फक्त वानरच दिसत असेल आणि एकही गावकरी नसेल तर दुसरी संस्था शोधा. आणि मुलाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याची देणगी घ्यायला संस्थेकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायचा परवाना लागतो, तो आहे का ते सगळ्यात आधी बघायला सांगा, नाहीतर पैसे अडकून बसतील.